रोजची शाई: कपिलधार, अंबाजोगाई आणि 'मूड' नावाचं प्रकरण

पॉडकास्टचा हा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. इयरफोन नसला तरी चालेल.

मी मूळचा बीड जिल्ह्यातला, बीटेक करून आता आयटीत आहे. दिवसभर कोड आणि रात्री हा पॉडकास्ट. त्यामुळे एक प्रश्न सतत कानावर येतो. कुणी गाणी करतं, कुणी रील, कुणी कविता. सगळ्यांची तक्रार एकच. आठवडाभर डोकं नुसतं धावतं, रात्री झोप लागत नाही इतकं सुचतं. मग पंधरा दिवस काहीच नाही. कोरडं. "अशा वेळी काय करायचं रे?"

याचं उत्तर मोटिव्हेशनच्या व्हिडिओत शोधण्यापेक्षा आपल्याच जिल्ह्यात शोधूया. साधारण चारशे वर्षं मागे जाऊन.

सुरुवात कपिलधारपासून. बीड तालुक्यात, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या डोंगरात हे ठिकाण आहे. पावसाळ्यात इथला धबधबा जोरात कोसळतो, तेव्हा शहरातली पोरं बाईकवरून फोटो काढायला येतात. उन्हाळ्यात गेलात तर तोच कडा तापलेला. पण कपिलधारची खरी ओळख धबधबा नाही. इथे मन्मथ स्वामींची समाधी आहे. वीरशैव परंपरेतले हे मोठे मराठी संतकवी. वीरशैव तत्त्वज्ञान संस्कृत आणि कन्नडमध्ये भरपूर होतं. स्वामींनी 'परमरहस्य' लिहून ते मराठी ओवीत आणलं, आणि सोबत अभंगही रचले.

आता ओवी हा शब्द जरा पकडून ठेवा, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे. ओवी मुळात जात्यावरची. पहाटे दळण दळताना बायका ओव्या म्हणायच्या. आज मूड नाही म्हणून दळण थांबत नव्हतं, आणि हात फिरायला लागला की शब्द यायचे. ग्रंथातली ओवीही तशीच सोशिक. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. अक्षरांचं कडक गणित नाही. म्हणजे फार सुचत नसलं तरी एक ओवी पुरी करता येते. आमच्या भाषेत सांगायचं तर साचा तयार आहे, रोज पहिल्यापासून सगळं उभं करावं लागत नाही.

त्याच जिल्ह्यात, अंबाजोगाईत दासोपंत होऊन गेले. काळ १५५१ ते १६१५. त्यांचा 'गीतार्णव' म्हणजे गीतेवरची टीका, आणि तिच्या ओव्या परंपरेनं सव्वा लाख सांगतात. ज्ञानेश्वरी साधारण नऊ हजार ओव्यांची, म्हणजे ही जवळपास चौदा पट. मी आपला हिशोब करून पाहिला. दिवसाला १० ओव्या, एकही सुट्टी न घेता, तरी ३४ वर्षं लागतात! आख्यायिका अशी की दासोपंतांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागायची. शब्दशः खरं असेल-नसेल, पण लोकांनी काय लक्षात ठेवलं ते बघा. त्यांना एका रात्रीत साक्षात्कार झाला आणि ग्रंथ उतरला, असं लोक सांगत बसले नाहीत. रोज शाई किती लागायची, ते सांगत राहिले.

आणि त्यांची ती पासोडी! पासोडी म्हणजे अंगावर घ्यायची जाड चादर. साधारण ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर दासोपंतांनी 'पंचीकरण' लिहून काढलं. पंचमहाभूतांपासून हे सगळं कसं बनतं, ते ओव्या आणि आकृत्यांसह. ती आजही अंबाजोगाईत जपलेली आहे. एवढं कापड हातानं भरायचं म्हणजे त्यात किती कंटाळवाण्या दुपारी गेल्या असतील, विचार करा.

इथे थांबून 'रोज लिहा, यशस्वी व्हा' असं म्हणणं सोपं आहे. पण इतिहास तसं म्हणू देत नाही. सबंध गीतार्णव वाचलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. उलट मन्मथ स्वामींचं 'परमरहस्य' मराठवाड्यात गावोगाव पारायणाला लागतं. शिवनाम सप्ताहात लोक एकत्र बसून ते वाचतात, आणि कार्तिक पौर्णिमेला मराठवाड्यातून, शेजारच्या कर्नाटक-तेलंगणातूनही दिंड्या चालत कपिलधारला येतात. म्हणजे किती लिहिलं यावर लोकांचं प्रेम ठरत नाही. शिस्त तुम्हाला कामापर्यंत नेते. पुढे ते कुणाच्या ओठांवर बसेल, हे तिच्या हातात नाही. लाईक मोजत बसणाऱ्यांनी हे नीट ऐकावं. मीही त्यातच आलो.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक पडता काळ म्हणजे आळस नसतो. १६३० च्या आसपास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. देहूत तुकोबांचा धंदा बुडाला, पहिली बायको गेली, मुलगा गेला. पुढे विरोध झाला, वह्या इंद्रायणीत गेल्या, आणि परंपरा सांगते की तुकोबा १३ दिवस नदीकाठी अन्नपाण्याविना बसून होते. त्या माणसाला 'रोज एक अभंग टाक' असा सल्ला कोण देणार? काही वेळा बसून राहणं हेच त्या दिवसाचं काम असतं, आणि सोबत कुणीतरी असणं हे औषध. पण गाथा उघडली की दिसतं, तुकोबांनी तो पडता काळ झाकला नाही. संशय, स्वतःवरचा राग, विठ्ठलाशी भांडण, सगळं अभंगात आलं. सुचत नाही, जमत नाही, हाही त्यांच्याकडे विषय झाला.

म्हणून मला या तिघांकडून तीन वेगळ्या गोष्टी मिळतात. दासोपंतांकडून रोजचा छोटा कोटा: कितीही वाईट दिवस असला तरी संपेल एवढीच शाई. मन्मथ स्वामींच्या पारायणाकडून माणसं: ठरलेल्या वेळी एकत्र बसणारे चारजण असले की तुमचा मूड एकटा पडत नाही. आणि तुकोबांकडून परवानगी: दुःख खरं असेल तर आधी ते दुःख.

कार्तिकात कपिलधारला येणाऱ्या दिंड्या धबधब्याला पाणी किती आहे हे विचारून निघत नाहीत. तारीख ठरलेली असते, म्हणून निघतात.

तुमचा रोजचा ढब्बू पैसा कोणता, ते मला नक्की कळवा. आणि हो, हा भाग त्या मित्राला पाठवा, जो तीन महिने 'सुचलं की करतो' म्हणतोय. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!