संगणक अ‍ॅनिमेशनच्या शिक्षणसंस्थेची निवड : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

संगणक अ‍ॅनिमेशनच्या जडणघडणीत अमेरिकेतील दोन शैक्षणिक परंपरा महत्त्वाच्या ठरल्या. युटा विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात एडविन कॅटमल व फ्रेडरिक पार्क यांनी १९७२ मध्ये मानवी हाताचे त्रिमितीय चलचित्र साकारले. कॅलिफोर्नियातील कॅलआर्ट्स या कलासंस्थेत १९७५ साली पात्र-अ‍ॅनिमेशनचा अभ्यासक्रम सुरू झाला; तेथे जॉन लॅसेटर हाताने रेखाटन करण्यास शिकले. एका संस्थेने गणिताची, तर दुसरीने अभिनय व कथनाची बैठक दिली. पुढे कॅटमल व लॅसेटर पिक्सारमध्ये एकत्र आले आणि १९९५ मध्ये ‘टॉय स्टोरी’ हा पहिला पूर्ण लांबीचा संगणकनिर्मित चित्रपट प्रदर्शित झाला. त्या काळातील यंत्रे व प्रणाली आज कालबाह्य झाल्या आहेत. म्हणून मोठे शुल्क भरून प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यास मार्गदर्शन करताना प्राध्यापकांनी संस्थेतील सॉफ्टवेअरपेक्षा तेथील मूलभूत अध्यापनाची पारख करणे अगत्याचे ठरते.