मारेशाचे घाणे आणि आपला शनिवार



गेल्या हिवाळ्यात आपल्या ज्येष्ठ मंडळींची एक दिवसाची सहल मारेशा, बेत गुव्रीन आणि लाखीश या स्थळी गेली होती. ज्यांना गुडघ्यांच्या तक्रारीमुळे येता आले नाही, त्यांनी तेथे काय पाहिले ते सांगण्याचा आग्रह धरला, म्हणून आज आपल्यासमोर उभी आहे. मी आयुष्यभर परिचारिकेचे काम केले. इतिहासाची पदवी माझ्यापाशी नाही. परंतु रुग्णाची हकिगत नीट ऐकून घ्यावी, जे सांगितले ते आणि जे दिसले ते वेगवेगळे लिहून ठेवावे, एवढे शिक्षण त्या व्यवसायाने दिले. त्याच पद्धतीने सांगते.

रामल्याहून दक्षिणेकडे बसने तासाभरात हे ठिकाण येते. डोंगर फार उंच नाहीत. जमिनीचा वरचा थर कठीण खडकाचा, आणि त्याखाली मऊ पांढरी खडू. वरचे कवच फोडून एकदा आत शिरले की खालचा खडक साध्या हत्यारांनीही कोरता येतो. त्यामुळे येथील लोकांनी जमिनीवर घर बांधले की त्याच दगडासाठी खाली खोदले, आणि खोदलेल्या पोकळीचा पाण्याचे टाके, कबुतरखाना, तेलाचा कारखाना, गोठा असा उपयोग केला. वरच्या शहराखाली दुसरे शहर झाले. या परिसरात अशा सुमारे ३,५०० भूमिगत खोल्या आहेत, आणि २०१४ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

मारेशा हे नाव आपल्या पवित्र शास्त्रात अनेकदा येते. यहोशवाच्या पुस्तकात यहूदा वंशाला मिळालेल्या नगरांच्या यादीत ते आहे. रहबाम राजाने ज्या नगरांना तटबंदी केली त्यांतही ते आहे. आसा राजाची कूशी जेरहाशी लढाई याच परिसरात झाली. पुढे पहिले मंदिर पडले, यहूदा उजाड झाला आणि दक्षिणेकडून अदोमी लोक येथे येऊन राहिले. त्यांच्यामागून ग्रीक काळात फिनिकी सीदोनी व्यापारी आले. त्यांच्या एका थडग्यातील भिंतींवर हत्ती, गेंडा आणि इतर प्राणी रंगवलेले आहेत, शेजारी ग्रीक लिपीत नावे लिहिलेली. आज दिसतात ती चित्रे मूळ चित्रांबरहुकूम पुन्हा काढलेली आहेत, हे आमच्या मार्गदर्शक तरुणाने प्रामाणिकपणे सांगितले. कबुतरखान्याची गुहा भव्य आहे. तिच्या भिंतींत सुमारे दोन हजार कोनाडे ओळीने कोरलेले आहेत. परंतु मला आज विशेषतः बोलायचे आहे ते तेलाच्या गुहेविषयी.

मारेशाच्या भूमीखाली असे वीसहून अधिक तेलाचे कारखाने सापडले आहेत. त्यांपैकी एक दुरुस्त करून पाहण्यासाठी खुला ठेवला आहे. पायऱ्या उतरून खाली गेले की हवा एकदम गार होते. डाव्या-उजव्या बाजूस दगडी यंत्रे. प्रथम एक मोठे गोल दगडी पात्र, त्यात उभे फिरणारे जाड चाक. जनावर त्याभोवती फिरे आणि जैतुनाची फळे बियांसकट चिरडली जात. तो लगदा दोरांनी विणलेल्या चपट्या करंड्यांत भरून त्या एकावर एक रचत. त्यांच्यावरून एक लांब लाकडी तुळई जाई. तिचे एक टोक भिंतीतल्या खाचेत अडकवलेले आणि दुसऱ्या टोकाला भोके पाडलेले जड दगड टांगलेले. त्या भाराने करंड्या दबत आणि तेल व पाणी एकत्र झिरपून खालच्या हौदात पडे. मग तेल वर तरंगू लागले की ते काढून घेत. गुहेत एक लहानसा कोनाडा पूजेसाठीही कोरलेला आहे. अदोमी कारागीर आपल्या देवाला तेथे काही अर्पण करीत असावेत.

आमच्या गटात मूळचे पेण तालुक्यातील एक आजोबा होते. लहानपणी त्यांनी आपल्या आजोळच्या अंगणात घाणा चालताना पाहिलेला. ते त्या गोल पात्राजवळ वाकून बराच वेळ उभे राहिले. मग मराठीत म्हणाले, "बाई, सगळं ठीक आहे. पण यात आपली लाट कुठे आहे?"

मी त्यांचे म्हणणे हिब्रूत सांगितले, तसा मार्गदर्शकाचा चेहरा उजळला. आम्ही पूर्वी कोकणात तेलाचा धंदा करीत होतो, हे त्याला बसमध्येच कळले होते. तो म्हणाला, "म्हणजे तुमच्या पूर्वजांनी हीच विद्या येथून नेली!" मंडळींना ते ऐकून फार बरे वाटले. आपल्यातही हा विचार जुना आहे. गालील प्रांतात तेल गाळण्याचा धंदा मोठा होता, आपले पूर्वज कोकणात तेली झाले, तेव्हा ते गालीलहून आले असावेत, असे आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेले आपण ऐकले आहे.

मला ते पटले नाही, आणि ते का पटले नाही हे सांगणे मला आवश्यक वाटते. आजोबांनीच ते एका प्रश्नात सांगून टाकले होते. आपला घाणा म्हणजे एक मोठे लाकडी किंवा दगडी उखळ. त्यात उभी तिरपी लाट. लाटेला जोडलेल्या आडव्या फळीवर दगड ठेवायचे किंवा हाकणाऱ्याने स्वतः बसायचे. झापडे बांधलेला बैल गोल फिरणार. त्यात तीळ, खोबरे, दिव्यासाठी उंडीच्या बिया. दाणा भरडणे आणि तेल निघणे ही दोन्ही कामे त्या एकाच उखळात होतात. मध्ये थोडे पाणी शिंपडावे लागते, आणि शेवटी पेंड उरते. जैतून हे फळ आहे. त्याच्या अंगी पाणी पुष्कळ. म्हणून ते आधी चिरडावे लागते आणि मग वेगळ्या यंत्रात दाबावे लागते. तीळ कोरडा, त्याला हा दुहेरी खटाटोप नको. दोन पिके, दोन हवामाने, दोन यंत्रे. आपला घाणा हा हिंदुस्थानच्या भूमीवरचा घाणा आहे. तो आपल्या पूर्वजांनी कोकणात शेजाऱ्यांकडूनच शिकून घेतला असावा, असे मला वाटते. शिकून घेण्यात कमीपणा काय? नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी आपली परंपरा सांगते. अशा लोकांनी हाती लागेल ते काम शिकून पोट भरले असेल तर ते शहाणपणाचेच.

मग कोकणात आपली ओळख कशावरून होती? कोकणात दोन प्रकारचे तेली होते. एक सोमवारी घाणा बंद ठेवीत, कारण सोमवार महादेवाचा. ते सोमवार तेली. दुसरे शनिवारी बंद ठेवीत. ते शनिवार तेली, म्हणजे आपण. घाणा तोच, लाट तीच, बैल तोच, तेलही तेच. फरक होता तो एका दिवसाचा. आजोबांनी सांगितले की शुक्रवारी दिवस मावळण्यापूर्वी बैलाची झापडे सोडून त्याला दावणीला बांधत, आणि शनिवारी घाण्याकडे कोणी फिरकत नसे. गिऱ्हाईक आले तरी रिकाम्या हाताने परत जाई. दहा आज्ञांत बैलाला आणि गाढवालाही शब्बाथची विश्रांती सांगितली आहे. पोथ्या समुद्रात गेल्या, भाषा गेली, प्रार्थनांपैकी 'शेमा' तेवढा ओठांवर राहिला. पण बैलाची सुट्टी राहिली. शेजाऱ्यांनी आपल्याला नाव दिले तेही त्या सुट्टीवरूनच.

म्हणून तरुणांना माझे सांगणे आहे की मारेशाच्या गुहेत जाऊन "हे आपले घाणे" असे म्हणू नका. घाणा कोकणाचा होता. शनिवार आपला होता.

त्याच गुहेत आणखी एक गोष्ट मनात आली. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस हश्मोनी राजा योहानान हिर्कानस याने मारेशा जिंकले. जोसेफस हा प्राचीन इतिहासकार लिहितो की, अदोम्यांनी सुंता करून घेतली आणि यहुदी नियम पाळले तर त्यांना आपल्या भूमीत राहू दिले जाईल, असे राजाने ठरवले. त्यांनी ते स्वीकारले. मारेशाचे खालचे शहर ओस पडले, घाणे थांबले, पण अदोमी यहुदी जनांत मिसळले. पुढे इ. स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमला वेढा घातला तेव्हा नगराच्या रक्षकांत अदोमीही होते. त्यांना यहुदी करून घेण्यात बळजोरी होती. ते काही आनंदाने सांगण्याचे प्रकरण नाही. परंतु दोन शतकांच्या आत ते यरुशलेमसाठी मरू लागले हेही खरे.

याच्या शेजारी आपलाच इतिहास ठेवून पाहा. १९६२ मध्ये मुख्य रब्बी मंडळाने बेने इस्राएलांच्या विवाहासंबंधी निर्देश काढले, आणि वधूवरांच्या आईच्या, आजीच्या, पणजीच्या वंशाची चौकशी करण्यास सांगितले. आपल्या वडीलधाऱ्यांना हे सहन झाले नाही. कागद कोठून आणायचे? कोकणातल्या तेल्याच्या घरी वंशावळीचे दप्तर नव्हते; होता तो रिकामा शनिवार. १९६४ च्या उन्हाळ्यात आपल्या लोकांनी यरुशलेममध्ये निदर्शने केली. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेतने जाहीर केले की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत. आणि त्यानंतर निर्देशांमधून आपल्या समाजाचे नाव काढले गेले. ज्यांनी तो उन्हाळा रस्त्यावर काढला त्यांपैकी फार थोडे आज हयात आहेत. त्यांच्यापैकी कोणी येथे बसले असतील तर हे भाषण माझ्याऐवजी त्यांनी करावयास हवे होते.

दुपारी बेत गुव्रीन पाहिले. मारेशा उजाड झाल्यावर शेजारीच हे नगर वाढले. इ. स. २०० मध्ये रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसने त्याला शहराचा दर्जा दिला. तेथे रोमन अँफिथिएटर आहे, आणि धर्मयुद्धांच्या काळातील किल्लाही आहे. हा किल्ला ११३६ मध्ये हॉस्पिटलर नावाच्या संघाला देण्यात आला होता. या संघाचे मूळ काम यरुशलेममध्ये आजारी यात्रेकरूंची शुश्रूषा करणे हे होते. परिचारिकेला या गोष्टीचे कुतूहल वाटल्यावाचून राहत नाही. शुश्रूषेचा संघ किल्ला सांभाळू लागला म्हणजे आजाऱ्यांकडे लक्ष किती राहिले असेल, असे मी मार्गदर्शकाला विचारले. तो हसला.

रस्त्याच्या पलीकडे एका अरबी गावाचे अवशेष आहेत. १९४८ पर्यंत तेथे बेत जिब्रीन नावाचे गाव होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमधील लढाईत ते रिकामे झाले. १९४९ मध्ये शेजारी किबुत्झ बसला. गाइडने हे थोडक्यात सांगितले आणि आम्ही थोडा वेळ गप्प राहिलो. आपल्यापैकी नवगावकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर, चिंचोलकर अशी आडनावे लावणाऱ्यांना गावाचे नाव जपणे म्हणजे काय असते, हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. आपण गाव स्वखुशीने सोडले. त्यांनी तसे सोडले नाही, हा फरकही ध्यानी ठेवावा.

तेथून लाखीश मोशावला गेलो. १९५५ साली हा प्रदेश वसवण्याची मोठी योजना झाली. बंदरावर उतरलेल्या कुटुंबांना छावणीत न ठेवता जहाजातून थेट गावात न्यावयाचे, अशी ती कल्पना. मोरोक्कोहून आलेली पुष्कळ कुटुंबे अशी या भागातील गावांत आली. लाखीशची द्राक्षे आज देशभर खातात. हिवाळ्यात वेली उघड्या आणि छाटलेल्या होत्या. उन्हाळ्यात जाणाऱ्यांना तोडणी पाहायला मिळेल, पण गुहांनंतर उन्हात चालणे ज्येष्ठांना झेपणार नाही. हृदयविकाराच्या औषधांवर असलेल्यांनी मार्चच्या आत जावे, पाण्याची बाटली आणि घट्ट टाचेचे बूट घ्यावेत. तेलाच्या गुहेच्या पायऱ्या एका बाजूने घसरड्या आहेत.

शेवटी लाखीशच्या टेकडीवर चढलो. अर्ध्या मंडळींनी खालीच बसणे पसंत केले. इ. स. पूर्व ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने हिज्कीयाच्या काळात हे नगर घेतले. तटावर चढण्यासाठी त्याच्या सैन्याने रचलेला दगडांचा उतार आजही नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात आहे. आपल्या विजयाची शिल्पे त्याने निनवेच्या राजवाड्यात कोरून घेतली. ती आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मार्गदर्शकाने त्यांचे मोठे छायाचित्र आणले होते. नगरातून हद्दपार होणारी कुटुंबे रांगेने चालली आहेत. पुरुष पायी आहेत. बायका आणि मुले सामानाच्या गाठोड्यांवर, बैलगाडीत. आजोबांनी चष्मा पुसून ते छायाचित्र हातात घेतले आणि आधी गाडीचा बैल पाहिला.