बक्षीसपत्र (स्थावर मिळकत)

बक्षीसपत्र म्हणजे आपल्या मालकीची मिळकत कोणताही मोबदला न घेता, स्वेच्छेने दुसऱ्यास देण्याचा दस्त. महाराष्ट्रात आई-वडील मुलास वा मुलीस घर बांधण्यासाठी जमीन देतात, तेव्हा बहुधा याचाच आधार घेतला जातो. मृत्युपत्र मृत्यूनंतर अमलात येते. बक्षीसपत्राने मालकी देणाऱ्याच्या हयातीतच जाते.

दस्त आणि फेरफार

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ नुसार घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हयातीत बक्षीस स्वीकारावे लागते. दस्तावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या व दुय्यम निबंधकाकडे नोंदणी आवश्यक असते (मुस्लिम कायद्यातील हिबा यास अपवाद आहे). महाराष्ट्रात निवासी मिळकत वा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना दिल्यास मूळ मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये असते. भाऊ-बहीण या सवलतीत मोडत नाहीत. त्यानंतर गाव नमुना सहामध्ये फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस जाते आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावर सातबारावर नवे नाव चढते. सातबारा ही महसुली नोंद आहे, मालकीचा उगम नव्हे. गावोगावी नेमके हेच विसरले जाते.

वडिलोपार्जित जमीन

बहुतेक वाद येथेच उद्भवतात. सातबारावर एकट्या वडिलांचे नाव असले, तरी हिंदू एकत्र कुटुंबाची जमीन त्यांची एकट्याची ठरत नाही. तिच्यातील अविभक्त हिस्सा इतर सहदायादांच्या संमतीविना बक्षीस देता येत नाही, आणि २००५ च्या दुरुस्तीपासून मुलीही सहदायाद आहेत. भावाचे घर उभे राहिल्यावर बहिणीने वाटपाचा दावा लावला, तर घरासह सारा व्यवहार अडचणीत येतो. म्हणून आधी रीतसर वाटप करून घेणे किंवा इतरांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र घेणे सुरक्षित ठरते.

बांधकाम

मालकी मिळाली म्हणजे घर बांधता येतेच असे नाही. शेतातून दोन-चार गुंठे तोडून देताना १९४७ चा तुकडेबंदी कायदा आड येऊ शकतो. भोगवटादार वर्ग २ च्या जमिनीस हस्तांतरणाची पूर्वपरवानगी लागते. शिवाय गावठाणाबाहेर अकृषिक वापराची पूर्तता करावी लागते, आणि बांधकाम परवाना वेगळाच.

देणाऱ्याचे संरक्षण

एकदा पूर्ण झालेले बक्षीस मन बदलले म्हणून परत घेता येत नाही. मात्र देणारा ६० वर्षांवरील असेल, सांभाळाच्या अटीवर जमीन दिली असेल आणि ती अट पाळली गेली नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक अधिनियमाच्या कलम २३ नुसार न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. ही अट दस्तातच स्पष्ट लिहिलेली असल्यास ती सिद्ध करणे सोपे जाते.