मोबाईल चालतोय, पण 'सपोर्ट' संपला!

पोस्ट मोठी आहे, वेळ काढून वाचा. विषय आपल्या सगळ्यांच्या खिशातला आहे.

मोबाईल जुना कधी होतो? बॅटरी फुगली, डिस्प्ले फुटला, चार्जिंगचा पॉइंट ढिला झाला तर दुकानदार दुरुस्त करून देतो. पण आता जुना होण्याचा वेगळाच प्रकार आलाय. हँडसेट ठणठणीत असतो, आवाज नीट येतो आणि एक दिवस स्क्रीनवर ओळ झळकते, 'हे ॲप तुमच्या फोनवर चालणार नाही.' दुकानदार हात वर करतो, "दादा, अँड्रॉइड जुनं आहे, नवा घ्या." हे अँड्रॉइड आलं कुठून आणि त्याचं वय ठरवतं कोण, हे समजायला थोडं मागं जावं लागेल.

२००३ साली नोकिया ११०० आला. टॉर्च, धूळ आत न जाणारा कीपॅड आणि दिवसेंदिवस टिकणारी बॅटरी. जगभरात पंचवीस कोटींच्या घरात खपला. त्यातही सॉफ्टवेअर होतंच, पण 'व्हर्जन कोणतं?' असं कुणी विचारलं नाही. कारण फोन विकत घेताना जे काम करायचा, तेच शेवटपर्यंत करायचा.

त्याच काळात नोकियाच्या महागड्या फोनमध्ये सिंबियन नावाची ऑपरेटिंग सिस्टीम होती. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे फोनच्या आतला कारभारी. कॅमेरा, मेमरी, नेटवर्क, स्क्रीन सगळं त्याच्या ताब्यात, आणि कोणत्या ॲपला आत घ्यायचं हेही तोच ठरवतो. १९९८ मध्ये सायन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांनी मिळून सिंबियन कंपनी काढली. पुढची दहा वर्षं स्मार्टफोन म्हटलं की बहुतेकांसाठी सिंबियनच. त्या फोनवर मराठी मेसेज आला की बऱ्याचदा नुसते चौकोन दिसायचे. म्हणून आपण 'Kasa ahes' ऐवजी काय लिहायचं याचा विचारच केला नाही, मराठी सरळ इंग्रजी अक्षरांत टाईप करत राहिलो.

जानेवारी २००७ मध्ये ॲपलने आयफोन दाखवला. गुगलने अँड्रॉइड ही छोटी कंपनी २००५ मध्येच विकत घेतली होती. नोव्हेंबर २००७ मध्ये गुगलने जाहीर केलं की ही सिस्टीम कोणत्याही मोबाईल कंपनीला फुकट वापरता येईल. २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला, २००९ मध्ये भारतात. नोकिया मात्र सिंबियनला धरून बसली आणि २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनकडे वळली. पुढे मायक्रोसॉफ्टने तो धंदाच विकत घेतला. तमिळनाडूतला श्रीपेरुंबुदूरचा नोकियाचा कारखाना करवादात अडकल्याने या व्यवहाराबाहेर राहिला, ऑर्डरी बंद झाल्या आणि १ नोव्हेंबर २०१४ ला उत्पादन थांबलं. हजारो कामगार, त्यात कितीतरी तरुण मुली, घरी बसल्या. फोनचा कारभारी बदलला की त्याची झळ कुठपर्यंत पोचते, हे तेव्हाच दिसलं होतं.

आपल्याकडे खरा बदल झाला तो स्वस्त अँड्रॉइडमुळे. मायक्रोमॅक्स, कार्बन, स्पाइस या देशी कंपन्यांना सिस्टीम आयती मिळाली. सप्टेंबर २०१४ मध्ये या तिघांनीच गुगलबरोबर 'अँड्रॉइड वन' फोन आणले, किंमत ६,३९९ रुपयांपासून. त्याच वर्षी आलेल्या अँड्रॉइड ५ म्हणजे लॉलीपॉपमध्ये मेनूसकट पूर्ण मराठी मिळाली. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. २०१७ मध्ये गुगलच्या कीबोर्डला मराठी बोललेलं कळू लागलं. ज्या आजीला टाईप करता येत नाही, ती बोलून मेसेज पाठवू लागली. हे श्रेय द्यायलाच हवं.

पण फुकट मिळालेल्या सिस्टीमच्या अटीही होत्या. कंपनीला प्ले स्टोअर हवं तर गुगलची बाकीची ॲप्सही फोनमध्ये टाकून द्यावी लागत. याच कारणांवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला.

दुसरी गोष्ट परवानग्यांची. २०१५ च्या मार्शमेलोपर्यंत ॲप टाकतानाच सगळ्या परवानग्या एकदम द्याव्या लागत. साधं टॉर्चचं ॲप कॉन्टॅक्ट आणि लोकेशन मागायचं; द्या, नाहीतर ॲप नाही. मार्शमेलोपासून एकेक परवानगी वेगळी विचारली जाऊ लागली. पण जुन्या व्हर्जनवर अडकलेल्यांना ही सोय मिळालीच नाही. आणि असे लोक आपल्याकडे भरपूर होते.

ते अडकले का? गुगलने नवं व्हर्जन काढलं की ते आधी चिप बनवणाऱ्या कंपनीने आपल्या चिपसाठी जुळवायचं, मग मोबाईल कंपनीने आपल्या मॉडेलसाठी, मग ते तुमच्यापर्यंत येणार. सात-आठ हजारांच्या फोनवर कंपनीचा नफा विक्रीच्या दिवशीच संपतो. नंतर दोन वर्षं त्याच मॉडेलवर इंजिनिअर कोण बसवणार? म्हणून महाग फोनला वर्षानुवर्षं अपडेट आणि स्वस्त फोनला एखादं, नाहीतर शून्य. गुगलच्या पिक्सेल ८ ला २०२३ मध्ये सात वर्षांच्या अपडेटचं वचन मिळालं. गरिबाच्या फोनला असं वचन कुणी दिलं नाही.

मग ॲपवाले दार लावून घेतात. व्हॉट्सॲपने सिंबियन २०१७ मध्ये सोडलं, विंडोज फोन २०१९ च्या अखेरीस, अँड्रॉइड २.३ फेब्रुवारी २०२० मध्ये आणि अँड्रॉइड ४ ऑक्टोबर २०२३ मध्ये. जिओफोनचं तर बघा. २०१७ मध्ये १,५०० रुपये अनामतीवर तो आला. त्यात कायओएस नावाची वेगळीच सिस्टीम. २०१८ मध्ये व्हॉट्सॲप मिळालं म्हणून गावोगावी कौतुक झालं. २०२५ च्या सुरुवातीला तेही बंद. सुरक्षेचं कारण खोटं नाही. जुन्या सिस्टीममधली भोकं बुजवली जात नाहीत, आणि बँकेचं ॲप तिथे चालू ठेवणं धोक्याचंच. पण त्याचा खर्च नेहमी ग्राहकानेच का सोसायचा?

इथवर हा बाजाराचा प्रश्न होता. सरकारी काम ॲपवर गेलं तेव्हा तो हक्काचा प्रश्न झाला. २०२१ मध्ये आपल्याच राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले, आठवतंय? दोन जीबी रॅमचे ते फोन. त्यावर पोषण ट्रॅकर ॲप नीट चालेना, फोन तापायचा, हँग व्हायचा. वर ॲप इंग्रजीत. कामात कुचराई केल्याचा ठपका मात्र ताईंवर. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभं राहून फोटो काढा, तरच सातबाऱ्यावर पीक. एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, ही सोय चांगलीच. पण ॲपचं नवं व्हर्जन फोनने घेतलं नाही तर शेतकरी शेजाऱ्याच्या मुलाच्या मागे फिरतो. विमा आणि नुकसानभरपाईच्या वेळी हीच नोंद विचारली जाते.

मार्ग नाही असं नाही. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये साध्या कीपॅडच्या फोनसाठी यूपीआय १२३पे सुरू केलं. म्हणजे मनात आणलं तर जमतं. युरोपियन युनियनने तर जून २०२५ पासून नियमच केला की मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षं अपडेट द्यायची.

मागण्या तीनच. फोनच्या बॉक्सवर किमतीशेजारी 'अपडेट अमुक तारखेपर्यंत' असं मराठीत छापलेलं हवं. औषधावर एक्स्पायरी छापतात, मग इथे का नको? दुसरं, सरकारी ॲप काढताना ते जुन्या, स्वस्त फोनवर चालवून बघितल्याशिवाय सक्तीचं करू नये. तिसरं, ज्याच्याकडे चालणारा फोन नाही त्याचा अर्ज तलाठी कार्यालयात, ग्रामपंचायतीत कागदावर घेतलाच पाहिजे.

आपल्या भागात फोन जुना म्हणून कुणाचं अनुदान, नोंदणी किंवा केवायसी अडकली असेल तर नाव न टाकता गाव आणि योजना मला कळवा. एकत्र करून तहसीलदारांकडे लेखी देऊ.