स्टँड गेला, स्टँड आला : पॅरिसच्या ट्रॉटिनेटची गोष्ट

जुलै २००७ मध्ये पॅरिसनं 'वेलिब' ही भाड्याच्या सायकलींची योजना सुरू केली, तेव्हा नियम अगदी सरळ होता. एका स्टँडवरून सायकल काढायची, दुसऱ्या कुठल्याही स्टँडला लावायची. पहिली ३० मिनिटं फुकट, पुढे भाडं चढत जाणार. त्यामुळे सायकल फुटपाथवर आडवी टाकून निघून जाणं कुणाला परवडायचंच नाही. पोलीस नको, पाटी नको.. स्टँड हाच नियम!

मग जून २०१८ मध्ये 'लाइम'च्या इलेक्ट्रिक स्कूटर आल्या. (आपली अ‍ॅक्टिव्हा नव्हे! उभं राहून चालवायची, दोन चिमुकल्या चाकांची. फ्रेंचमध्ये 'ट्रॉटिनेट'.) हिला स्टँडच नाही. अ‍ॅप उघडा, घ्या, वाटेल तिथे सोडा. आपल्या धंद्यात म्हणतात तसं, सिस्टीम एकदम सुटसुटीत झाली. पण गाडी जागेवर लावण्याचं काम काही संपलं नव्हतं, ते फक्त बाबागाडी ढकलणाऱ्या आईच्या आणि पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याच्या गळ्यात पडलं. वर्षभरात डझनभर कंपन्या रस्त्यावर उतरल्या.

२०१९ पासून नियमांचे पॅच सुरू झाले. फुटपाथवर चालवली तर १३५ युरो दंड. देशभरासाठी नियम आला : वेग ताशी २५ किमीपर्यंत, डबलसीट बंद, सायकल ट्रॅक असेल तर त्यातूनच जा. २०२० मध्ये तीनच कंपन्या ठेवल्या, प्रत्येकीला ५,००० गाड्या, आणि पार्किंग ठरवून दिलेल्या चौकोनातच. म्हणजे बघा, स्टँड परत आला! फक्त लोखंडाचा नाही, रंगाचा आणि जीपीएसचा.

पण तोवर लोकांचा संयम संपत आला होता. जून २०२१ मध्ये सेन नदीकाठी चालणाऱ्या एका तरुणीला डबलसीट ट्रॉटिनेटनं धडक दिली, त्यात ती गेली. त्यानंतर बऱ्याच भागांत वेग ताशी १० किमीवर आणला. तरीही २ एप्रिल २०२३ ला शहरानं थेट मतदान घेतलं : भाड्याच्या ट्रॉटिनेट हव्यात की नकोत? ८९ टक्के म्हणाले, नकोत. पण मतदान झालं जेमतेम साडेसात टक्के, तेही केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन. 'सुधारून ठेवा' असा पर्यायच नव्हता. १ सप्टेंबर २०२३ पासून सेवा बंद.

गंमत म्हणजे स्वतःची ट्रॉटिनेट आजही चालते, बंदी फक्त भाड्याच्या गाड्यांवर. म्हणजे ज्याला विकत घेणं परवडतं त्याची सोय राहिली, अधूनमधून दोन युरो टाकून जाणाऱ्याची गेली.

पुण्यातही २०१७ च्या अखेरीस बिनस्टँडच्या सायकली आल्या, आणि टिकल्या नाहीत. अशी नवी योजना आपल्या शहरात आली की आपण भाडं किती आणि अ‍ॅप कसं एवढंच बघतो. पॅरिसकडे बघून एक प्रश्न आधी विचारावासा वाटतो : राईड संपल्यावर गाडी कुठे उभी राहणार, आणि ते बघणार कोण? पॅरिसला याचं उत्तर शोधायला दोन वर्षं लागली. उत्तर बरोबर होतं, फक्त उशिरा आलं.