दुकानाची पायरी, पडद्यावरची

घरबसल्या खरेदी ही घाईत असलेल्या तरुण मंडळींसाठी निघालेली सोय, असा आपला समज असतो. इतिहास वेगळं सांगतो. मे १९८४ मध्ये इंग्लंडमधल्या गेट्सहेड इथं जेन स्नोबॉल या ७२ वर्षांच्या बाईंनी टीव्हीच्या रिमोटवरून टेस्को या दुकानाकडे आपली यादी धाडली. मार्गारिन, कॉर्नफ्लेक्स आणि अंडी. टीव्हीला टेलिफोनची तार जोडून दुकानाशी बोलण्याची ही युक्ती मायकेल आल्ड्रिच यांनी १९७९ मध्ये शोधली होती. गेट्सहेडची योजना तिथल्या नगरपालिकेची होती आणि ती होती घराबाहेर पडणं जमत नाही अशा म्हाताऱ्या माणसांसाठी. म्हणजे ज्यांना दुकानाची पायरी चढवत नव्हती, त्यांच्यासाठीच हे दुकान घरात आलं.

पुढं इंटरनेट आलं, दुकान सजलं, आणि नवी पायरी तयार झाली. पडदा चित्रांनी भरला. अंध माणूस संगणक वापरतो तो पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, म्हणजे स्क्रीन रीडरच्या आधारानं. हे सॉफ्टवेअर शब्द वाचतं. चित्रामागं चार शब्द लिहून ठेवले नसतील, तर ते नुसतं ‘प्रतिमा, प्रतिमा’ म्हणत पुढं जातं. आम्ही कवी मंडळी प्रतिमांवर जगतो, पण अर्थ न सांगणारी प्रतिमा किती निरुपयोगी असते, हे मला या यंत्रानं जितकं समजावलं तितकं समीक्षकांनीही नाही.

या प्रश्नाची पहिली मोठी लढाई झाली ती ऑस्ट्रेलियात. ब्रूस मॅग्वायर हे जन्मापासून अंध गृहस्थ. बोटांखाली ब्रेलचे ठिपके उमटवणाऱ्या यंत्रावर ते संगणक वाचत. त्यांना सिडनी ऑलिंपिकची तिकिटं काढायची होती. तिकिटांची माहितीपुस्तिका त्यांनी ब्रेलमध्ये मागितली, ती मिळाली नाही. संकेतस्थळही त्यांना पुरतं वाचता येईना. जून १९९९ मध्ये त्यांनी मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. संयोजन समितीनं हिशेब मांडला : दुरुस्तीला एका माणसाचे ३६८ दिवस लागतील, खर्च बावीस लाख डॉलर येईल. तज्ज्ञांनी साक्ष दिली की अनुभवी माणसांची छोटी तुकडी हे काम चार आठवड्यांत करील. ऑगस्ट २००० मध्ये आयोगानं समितीला दोषी धरलं आणि १५ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे स्पर्धेच्या उद्घाटनाच्या दिवसापर्यंत, संकेतस्थळ सुधारायला सांगितलं. ते पुरतं सुधारलं गेलं नाही. नोव्हेंबरात समितीला वीस हजार डॉलर भरपाई द्यावी लागली. खेळ तोवर संपले होते.

मला या प्रकरणातला ३६८ दिवसांचा आकडा फार बोलका वाटतो. घर बांधताना दरवाजा रुंद ठेवायला वेगळा पैसा लागत नाही. बांधून झाल्यावर भिंत फोडायची म्हटली की मोठा हिशेब पुढं येतो. आणि नियम काही अज्ञात नव्हते. संकेतस्थळ सर्वांना वापरता यावं, यासाठीची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं मे १९९९ मध्येच प्रसिद्ध झाली होती.

अमेरिकेत २००६ मध्ये टार्गेट या दुकानसाखळीवर अंधांच्या राष्ट्रीय संघटनेनं आणि एका अंध विद्यार्थ्यानं खटला भरला. माऊस हलवल्याशिवाय तिथं खरेदी पुरी होत नाही, ही त्यांची एक मुख्य तक्रार होती. माऊस चालवायचा तर बाण दिसावा लागतो. २००८ मध्ये कंपनीनं साठ लाख डॉलर देऊन तडजोड केली. पुढं पिझ्झा मागवण्यावरूनही असाच खटला चालला. २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं डॉमिनोज कंपनीचं अपील ऐकायलाच नकार दिला.

मग एखादं ऑनलाइन दुकान सर्वांना खुलं आहे की नाही, हे पारखायचं कसं? चित्रामागं शब्द आहेत की नाहीत, एवढं आपोआप तपासणारी साधनं आहेत. पण ‘निळी सुती साडी’ लिहिण्याऐवजी तिथं नुसता ‘फोटो २७’ लिहिलेला असेल, तर साधन त्याला पास करून टाकतं. खरी परीक्षा साधी आहे. माऊस बाजूला ठेवायचा, पडदा झाकायचा, आणि नुसत्या कळफलकावर एक वस्तू शोधून, तिची किंमत ऐकून, पत्ता भरून, पैसे चुकते करायचे. त्याहून चांगलं म्हणजे रोज असंच काम करणाऱ्या अंध माणसाला बसवायचं आणि आपण गप्प राहायचं. खरेदी नव्वद टक्के झाली, असं काही नसतं. वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला सांगणारा चौकोन शेवटी आला आणि ऐकायची सोय नसली, की भरलेली टोपली तिथंच राहते. ओटीपी ऐकून टाइप करेपर्यंत वेळ संपला, तरी तेच.

पैसे द्यायला खातं लागतं आणि खातं उघडायला ओळख पटवावी लागते. आपल्याकडे ही ओळख ऑनलाइन पटवताना कॅमेऱ्यासमोर पापण्यांची उघडझाप करायला सांगत. ॲसिड हल्ल्यात चेहरा विद्रूप होऊन डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या व्यक्तींनी आणि एका अंध अर्जदारानं हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयानं निकाल दिला की डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्याबरोबर वीस निर्देश दिले. पापण्या न मिटवताही आपण जिवंत आहोत हे सिद्ध करता यावं, अशी सोय करायला त्यात सांगितलं आहे.