पिपाणीची बखर

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर नगारखाना होता हे साऱ्या पुण्याला ठाऊक आहे. परंतु त्याच्या सावलीत एखाद्या पोराने रुजलेली आंब्याची कोय दगडावर घासून जी पिपाणी वाजविली असेल, तिची नोंद करण्याची तसदी कोणता कारकून घेणार? गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली, ही म्हण हाच काय तो या वाद्यशाखेचा अस्सल दस्तऐवज. बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालयाला दिनकररावांच्या अकाली निवर्तलेल्या पुत्राचे नाव आहे आणि तेथे वाद्यांचे दालनही आहे. पण जे वाद्य संध्याकाळपर्यंत पोटात जायचे, ते काचेच्या कपाटात यावे कसे?

या बेदखल परंपरेला पुण्यात प्रतिष्ठा लाभली ती खगोलशास्त्रज्ञांच्या दारी. कानपूरच्या आय. आय. टी.तून अभियंता होऊन पुण्याच्या टेल्कोत लागलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञानशिक्षण कार्यक्रमात गेले, आणि टाकाऊ वस्तूंतून खेळणी घडविण्याचा जो नाद त्यांना जडला, तो घेऊन २००३ पासून २०१४ पर्यंत त्यांनी आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत मुलांसाठी काम केले. शोधिकेची वास्तू पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून उभी राहिली आणि तिचे नाव सप्तर्षींतील ‘पुलस्त्य’ ताऱ्यावरून ठेवले गेले. ज्या पेटीला सरकारी नभोवाणीने १९४० साली बंदी केली, तीच आयुष्यभर मांडीशी घेऊन बसलेल्या पुलंना हा पिपाणीचा शेजार खासच मानवला असता.

त्या टाकाऊ खेळण्यांतील पिपाणीची सामग्री म्हणजे शीतपेयाची एक नळी आणि कात्री. नळीचे टोक दातांनी चेपून सपाट करावे, दोन्ही कडा तिरप्या कापून त्याला अणकुची आणावी, आणि त्या दोन जिभा ओठांत हलक्या दाबून जोराने फुंकर मारावी. सनईची पत्ती ज्या न्यायाने थरथरते त्याच न्यायाने त्या उघडमीट करू लागतात आणि नळीतून भसाडा, बेअदब, पण निःसंशय सूर निघतो. एकाने फुंकत राहावे व दुसऱ्याने खालचे टोक कातरीत जावे, की आतील हवेचा स्तंभ आखूड होऊन प्रत्येक कात्रीगणिक स्वर चढतो. खर्जाकडे परतण्याची सोय मात्र त्यात नाही, कारण कातरलेली नळी वाढत नाही. तेव्हा मूल दुसरी नळी मागते, आणि तीही कपाटापर्यंत पोहोचत नाही.